कुंकवाचा जोकर

वाल्मीक मापारी मोठा जादूगार होता हे पिंपळगाव बसवंतला कळलं, तेव्हा त्याला जाऊन सहा महिने झाले होते. तोवर गावाच्या लेखी तो मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या मापणारा एक किडकिडीत, कमी बोलणारा माणूस होता. त्याला पत्त्यांचा नाद होता आणि त्याने एकदा रमीत लबाडी केली होती, एवढीच त्याची ओळख. ह्यातलं नादाचं खरं होतं. लबाडीचं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे अख्ख्या यार्डात एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस म्हणजे पुंजा मुकादम, आणि तो अकरा वर्षं तोंड शिवून बसला होता.

आता पुंजा आणि तोंड शिवणं ह्या दोन गोष्टी एका वाक्यात बसत नाहीत. हमालांच्या टोळीचा हा मुकादम. हा पुढच्या गेटावर शिंकला तरी मागच्या गेटावरचा टेम्पोवाला ब्रेक दाबायचा. असा माणूस अकरा वर्षं एक गोष्ट पोटात ठेवतो म्हणजे त्या पोटात काय काय झालं असेल, तुम्हीच बघा.

तर मुळापासून सांगतो. आमच्याकडे अमावस्येला कांद्याचा लिलाव नसतो. का नसतो ते विचारू नका, बापाच्या वेळी नव्हता म्हणून आताही नाही. हंगामात रविवार धड मिळायचा नाही, अमावस्या मात्र हक्काची. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भिमाजीशेठच्या गाळ्यात, रिकाम्या गोण्या अंथरून, चार जण रमीला बसायचे. गाळ्याचे मालक भिमाजीशेठ स्वतः, लहानू टेम्पोवाला, आपला पुंजा आणि वाल्मीक मापारी. पैसे लावायचे नाहीत, हा शेठचा नियम. हरेल त्याने सगळ्यांना कांदाभजी खिलवायची. कांद्याच्या यार्डात बसून कांद्याच्या भज्यांसाठी एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं दुसरीकडे कुठे सापडली तर मला कळवा.

वाल्मीकची जादू हा तेव्हा चेष्टेचा विषय होता. तो जादूगार झाला तोच मुळी चुकीच्या नोकरीत. सुट्टी अमावस्येला, आणि अमावस्येला कोण जादूगार बोलावतो? जावळ नाही, साखरपुडा नाही, वाढदिवससुद्धा लोक एक दिवस पुढे ढकलतात. वीस वर्षांत त्याचे जाहीर प्रयोग झाले असतील सात. त्यातला एक सिन्नरला शाळेच्या गॅदरिंगमध्ये, तोही वीज गेल्यामुळे अर्धा. बाकी सगळी जादू घरच्या घरी, पत्र्याच्या पेटीत.

ती पेटी मात्र बघण्यासारखी. वाल्मीक नाशिकला भद्रकालीत जाऊन साधे पत्त्यांचे कॅट आणायचा आणि घरी ब्लेड, पट्टी, डिंक, मेण घेऊन बसायचा. एखाद्या कॅटातली निम्मी पानं सूतभर आखूड कापायचा, इतकी की डोळ्याला कळू नये, बोटाला मात्र कळावं. एखाद्या कॅटात सगळी पानं एका बाजूला किंचित निमुळती करायचा. दोन पानं सोलून त्यांची पाठ आणि तोंड अदलाबदल करून परत चिकटवायचा, आणि ती सपाट बसावीत म्हणून वर वीस किलोचं लोखंडी माप ठेवायचा. एका कॅटात बावन्नच्या बावन्न चौकट सत्त्या. हे सगळं बाजारात तयार मिळतं म्हणे, पण वाल्मीकला ते माहीत नव्हतं. त्याने आपल्या डोक्याने सगळं नव्याने शोधून काढलं होतं, आणि कोणाला दाखवायचं म्हटलं तर तिथी आडवी यायची.

आणि आता ह्या माणसाची गंमत ऐका. पत्ता त्याच्या बोटांवर नाचायचा, पण रमी त्याला बिलकूल येत नव्हती. हातात पानं आली की तो डाव बघायचा नाही, पानांच्या कडा बघायचा. "कटिंग लय वाईट करू राहिले हल्ली कंपनीवाले," असं म्हणायचा आणि हातातला बदाम राजा खाली टाकायचा, जो शेजारी लहानू लगेच उचलायचा. बहुतेक भजी वाल्मीकच खिलवायचा.

शहाण्णव सालच्या अधिक आषाढापासून मात्र ग्रह फिरले आणि पुंजा हरायला लागला. एकदा नाही, सलग चार अमावस्या. भज्यांचं काही नाही हो, पण वाल्मीकसारख्याने हरवायचं म्हणजे मुकादमाची अब्रू गेली. टोळीतली पोरं चिडवायला लागली. पाचवी अमावस्या म्हणजे लक्ष्मीपूजन. त्या संध्याकाळी भिमाजीशेठच्या गाळ्यात वह्यांची पूजा झाली, तराजूची झाली, हमालांनी गोण्या उचलायचे आपापले हूक मांडले होते त्यांचीही झाली. सगळे प्रसाद घेऊन बाहेर फटाके बघायला गेले. पुंजा मागे राहिला. त्याने ड्रॉवरमधून रमीचा कॅट काढला, लक्ष्मीपुढे ठेवला, फूल वाहिलं, ओल्या अंगठ्याने कुंकू घेतलं आणि कॅटावर भक्तिभावाने दाबलं. "आई, माझं काही मागणं नाय," तो म्हणाला. "फक्त ह्या वाल्म्याला जिंकू देऊ नको." मग फूल उचललं, कॅट फुंकला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि निर्मळ मनाने फटाके बघायला गेला.

कॅटाची पाठ लाल, कुंकू लाल. सगळ्यात वरचं पान होतं जोकर.

पुढची अमावस्या महिन्याने आली. लक्ष्मीने पुंजाचं ऐकलं नाही हे पहिल्या तासातच दिसलं, कारण वाल्मीक तीन डाव सलग जिंकला. आयुष्यात पहिल्यांदा. स्वतः वाल्मीकच इतका गोंधळला की तिसऱ्यांदा पानं मांडताना त्याने शेठला विचारलं, "हे बरोबर हे ना, शेठ?" पुंजाचं डोकं तापलं होतं. तेवढ्यात लहानूने पानं पिसता पिसता एक पान उजेडात धरलं. तिरकं केलं. परत सरळ केलं.

"ह्याच्या पाठीवर काहीतरी हे," लहानू म्हणाला.

पान उलटलं तर जोकर. चौघांची डोकी त्या पानावर वाकली. लालवर लाल, अंगठ्याएवढा डाग. सरळ बघितलं तर दिसत नव्हता, तिरका धरला की दिसायचा.

"खूण," पुंजा म्हणाला. कोणी काही बोलायच्या आत म्हणाला, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, म्हणजे बाहेर झोपलेले दोन हमाल उठून आत आले. "जोकराला खूण केलेली हे. आणि काम बघा किती बारीक. मधी एक रेघ पण ओढली हे. आपल्यातल्या कोणाला जमतं का हे?"

आता सगळे वाल्मीककडे बघायला लागले. दुसऱ्या कोणाकडे बघणार? अख्ख्या यार्डात पत्त्यांना ब्लेड लावणारा माणूस एकच. वाल्मीकने शांतपणे जोकर हातात घेतला, नाकाजवळ नेला, नखाने थोडं खरवडलं. आणि त्याने आपल्या बचावात जे वाक्य उच्चारलं त्याने त्याचा सत्यानाश झाला.

"ही खूण मी केली असती," तो म्हणाला, "तर तुम्हाला दिसली असती का?"

बरोबर बोलला बिचारा. शंभर टक्के बरोबर. चांगल्या शिंप्यावर उसवलेल्या शिवणीचा आळ घेतला तर तो चिडेल तसा वाल्मीक चिडला होता. चोर म्हटल्याचं त्याला एवढं लागलं नव्हतं, असलं गचाळ काम त्याच्या नावावर खपवलं हे लागलं होतं. पण ऐकणाऱ्यांना त्यातलं काय कळणार?

"म्हणजे न दिसणाऱ्या पण केल्या हेत?" भिमाजीशेठने विचारलं.

"त्या घरी पेटीत हेत. इथं कशाला आणू? भज्यांसाठी?"

संपलं. कबुलीजबाब झाला, वर भज्यांचा अपमान झाला. शेठ म्हणाले, "वाल्मीक, आजपासून तुला पानं वाटायची नाय." वाल्मीकने आपल्यासमोरची भज्यांची बशी लहानूकडे सरकवली, चपला घातल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यार्डातल्या शेवटच्या गोणीलाही ही बातमी माहीत होती, कारण ती सांगायचं काम पुंजाने अंगावर घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुंजा घरी देवासमोर बसला होता. भिंतीवर त्याच्या बापाचा जुना हूक लटकत असतो. तो वापरात नाही, दिवाळीला शेठच्या गाळ्यात पूजेला न्यायचा आणि परत आणून खिळ्याला अडकवायचा. हुकाच्या लाकडी मुठीवर त्याने दिवाळीला लावलेला कुंकवाचा अंगठा होता. मधे एक आडवी रेघ. पुंजाने आपला उजवा अंगठा वर धरला. सुतळीने कधीतरी कापलेली जखम, भरली तरी तिची खाच अंगठ्याच्या मधोमध राहिलेली. पुंजा कितीतरी वेळ एकदा हुकाकडे आणि एकदा अंगठ्याकडे बघत बसला. बायकोने आतून विचारलं जेवताय का, तर तो म्हणाला भूक नाही, आणि पुंजाला भूक नाही हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

सांगायचं त्याने तेव्हाच ठरवलं होतं, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवा. फक्त कधी सांगायचं ते ठरत नव्हतं. सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागलं असतं बघा. मुकादमाने रमी जिंकायला कॅटाची पूजा केली. ती करून वर हरला. आपल्याच अंगठ्याचा ठसा ओळखता आला नाही, उलट त्यातलं बारीक काम गावाला समजावून सांगितलं. एवढं सांगून वर शेठने म्हटलं असतं, आता तुलाच पानं वाटायची नाय. आणि पुंजाला महिन्यात दुसरं होतं काय? टोळीत तो मुकादम, त्याच्याशी कोणी बरोबरीने बोलत नाही. घरात पोरं आपल्या नादात, बायको तिच्या टीव्हीत. त्या गोण्यांवर बसलं की तेवढे चार तास त्याला कोणी पुंज्या म्हणायचं. ती जागा जाईल ह्या भीतीने त्याची जीभ उचलत नव्हती. पुढच्या अमावस्येला सांगू म्हणता म्हणता वाल्मीकच्या जागी शेठचा मुनीम हिरामण बसायला लागला, आणि हिरामण भजी जास्त आनंदाने खिलवायचा.

यार्डात मात्र वाल्मीक आणि पुंजा रोज समोरासमोर. वाल्मीक काट्यावर, पुंजा गोणीवर. "एक्कावन्न चारशे," वाल्मीक म्हणायचा. "एक्कावन्न चारशे," पुंजा ओरडून पुढे द्यायचा. अकरा वर्षं त्या दोघांत आकड्यांशिवाय बोलणं झालं नाही. एकदाच काय ते, दोन हजार एक साली, चैत्रात वणीच्या गडावर जाताना एस.टी.त दोघं शेजारी आले. पुंजाने घाट लागेपर्यंत धीर गोळा केला आणि म्हणाला, "वाल्मीक, त्या जोकराचं जे झालं..." वाल्मीक खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सोड. मी विसरलो." विसरलो म्हणणाऱ्याला सगळं आठवत असतं, हे पुंजाला पुरतं कळत होतं. तरी त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज नंतर वाटली, पण आधी हायसंच वाटलं.

दोन हजार सात साली गणपती बसायच्या आधी वाल्मीकला ताप आला. नाशिकला नेला, पाचव्या दिवशी परत आणला तो आणण्यासारखा नव्हता. पुंजाने खांदा दिला. खांदा देताना त्याच्या मनात आलं, आता सांगायला माणूसच उरला नाही. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, पुन्हा थोडं हायसं वाटलं.

मग सहा महिन्यांनी नाशिकहून सुनील नावाचा एक चष्मेवाला मास्तर आला. तिथल्या जादूगार मंडळाचा हा सचिव. त्याने सिन्नरच्या शाळेतला तो अर्धा प्रयोग बघितला होता, वीज जायच्या आधीचा अर्धा, आणि इतकी वर्षं तो ह्या माणसाचा पत्ता शोधत होता. वाल्मीकच्या बायकोने, चतुराबाईने, पेटी उतरवायला पुंजाला बोलावून घेतलं. पेटी जड होती म्हणून मुकादम, दुसरं काही नाही.

पेटीत एकेचाळीस कॅट निघाले. प्रत्येक कॅट गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला, आत चिठ्ठी. सुनील मास्तर एकेक सोडत गेला आणि त्याचा चष्मा घामाने घसरायला लागला. "हे हाताने? ब्लेडने?" तो सारखा म्हणत होता. "अहो, परदेशात ह्यासाठी मशीन असतात. ह्यातले तीन प्रकार तर मी आजवर कुठेच बघितलेले नाहीत." चतुराबाई दाराला टेकून उभी होती. हसली नाही, रडली नाही. "चहा घेता का?" एवढंच म्हणाली.

पुंजा चिठ्ठ्या वाचत होता. अक्षर लावायला त्याला वेळ लागतो, पण ह्या सोप्या होत्या. मार्गशीर्ष अमावस्या. पौष अमावस्या. माघ अमावस्या. पुढे साल आणि कॅटाचा प्रकार. शहाण्णवच्या आधीचे फक्त पाच कॅट होते, बाकी सगळे नंतरचे, एकूण एक अमावस्येचे. पुंजा आणि मंडळी गाळ्यात भजी खात होती तेव्हा वाल्मीक ह्या खोलीत एकटा पानं कापत होता. पुंजाने चिठ्ठ्या जशाच्या तशा परत ठेवल्या.

मास्तरने हे नाशिकच्या मंडळात काचेच्या कपाटात ठेवायचं ठरवलं आणि ती बातमी दोन पेपरांत आली. झालं. पिंपळगावला वाल्मीकचा उमाळा आला. भिमाजीशेठने गाळा मोकळा केला, फोटो मोठा करून आणला, हार आणला, माईक भाड्याने आणला आणि फाल्गुन अमावस्येला सकाळी स्मृतिसभा ठेवली. अमावस्येला सभा कशी, असं कोणीतरी म्हणालं, तर शेठ म्हणाले, "वाल्मीकचा कार्यक्रम दुसऱ्या कोणत्या दिवशी करणार?" ह्यावर सगळे मनापासून हसले. हयातीत कोणी एकदा असं बोलावलं असतं तर काय बिघडलं असतं, हे कोणाच्या मनात आलं नाही.

शे-दीडशे माणूस जमलं. पुढच्या खुर्चीवर चतुराबाई, मांडीवर हात ठेवून. मास्तर बोलला ते कोणाला फारसं कळलं नाही. मग शेठ माईकवर आले.

"आमचा वाल्मीक म्हणजे पोचलेला माणूस," शेठ म्हणाले. "ह्या गाळ्यात, इथंच, ह्या माणसानं आम्हाला वर्षानुवर्षं रमीत गंडवलं. आम्हाला पत्ता लागू दिला नाय. एकदा तो जोकर सापडला म्हणून कळलं, नायतर आम्ही अजून भजी खिलवत बसलो असतो. तेव्हा आम्ही रागावलो, आता अभिमान वाटतो. असला हातचलाखीचा बादशहा ह्या यार्डानं दिला." टाळ्या पडल्या. लहानू उठून म्हणाला, जोकराची खूण पहिल्यांदा त्याने पकडली, तेव्हा पेपरात त्याचंही नाव यावं. मास्तर भराभरा लिहून घेत होता. कपाटावर पाटी लागणार होती, आणि पाटीवर काय लिहायचं ते शेठने मोठ्याने वाचून दाखवलं. रमीच्या डावात भल्याभल्यांना फसवणारा अवलिया.

पुंजाने चतुराबाईकडे बघितलं. टाळ्या वाजत होत्या तशी तिची मान खाली खाली जात होती. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं होतं, सोडत होती, परत गुंडाळत होती. पुंजाच्या मनात अकरा वर्षं एक समाधान होतं, की जग काही का म्हणेना, वाल्मीकच्या घरात तरी खरं काय ते माहीत असेल. नवऱ्याने बायकोला सांगितलं असणार आणि बायकोने मानलं असणार. ते समाधान आता हलायला लागलं. पाटी एकदा काचेमागे गेली की संपलं, मग वाल्मीक कायमचा लबाड, तोही नाशिकला, इंग्रजी-मराठीत. पुंजा उठला.

"मला बोलायचंय."

"बोल की, तू तर त्याचा रोजचा सोबती," शेठ म्हणाले आणि माईक दिला.

"तो जोकर मी बिघडवला," पुंजा म्हणाला. "खूण नव्हती ती. कुंकू होतं. लक्ष्मीपूजनाला मी कॅटाची पूजा केली, अंगठा माझा लागला. वाल्मीकनं काही केलं नाय. कधीच नाय. त्याला तर रमी येत पण नव्हती."

गाळा हसून हसून फुटला.

"पुंज्या, अरे, मेलेल्या माणसासाठी किती खोटं बोलशील," शेठ म्हणाले, डोळे पुसत.

"कॅटाची पूजा म्हणे," लहानू म्हणाला. "मग लक्ष्मी पावली कशी नाय? भजी तर तूच खिलवत होता."

परत हशा. हिरामण मुनीम खुर्चीवरून पडायचा राहिला. मास्तर उठून पुंजाच्या कानाशी आला आणि समजुतीने म्हणाला, "भाऊ, तुमची भावना पोचली. पण कलावंताचं असं वलय काढून घेऊ नये." पुंजा माईक धरून उभा. ह्या दिवसाची त्याने अकरा वर्षं भीती बाळगली होती. लोक थुंकतील, शेठ हाकलेल, पोरं तोंडावर हसतील, सगळं धरून चाललं होतं. कोणी विश्वासच ठेवणार नाही हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि त्याची जागा शाबूत होती. सभा संपली की गोण्या अंथरल्या जाणार होत्या आणि त्याला पानं वाटली जाणार होती. शेठने एकाला भजी सांगायला पाठवलं देखील.

तेवढ्यात चतुराबाई खुर्चीवरून उठली. ती उठलेली बघून लोक जरा आवरले. ती पुंजापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, खरं का?"

"खरं, वहिनी."

"पोरांची शप्पथ?"

"पोरांची शप्पथ."

तिने त्याचा उजवा हात धरला, उलटा केला आणि अंगठा बघितला. कांदे निवडणारी बाई बघते तसा, दाबून.

"मंग मला का नाय सांगितलं?" ती म्हणाली. "ह्यांचं जाऊ द्या. मला सांगायचं होतं."

"मला वाटलं, वाल्मीकनं सांगितलं असंल."

"त्यांनी मला पण तेच सांगितलं. मी केली असती तर दिसली असती का. मी म्हटलं, बघा, कबूल करू राहिले." तिचा आवाज चढला नव्हता, माईकजवळ उभी होती म्हणून सगळ्यांना ऐकू जात होतं. "यार्डातल्या बायका हसायच्या. मी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. आणि हे दर अमावस्येला सकाळी माझ्यापुढं कॅट घेऊन बसायचे. साधा कॅट, दुकानातला. म्हणायचे, चतुरा, एक डाव खेळ माझ्याशी. मी म्हणायचे, लबाडाच्या हातची पानं मी उचलत नसते. मग ते उठायचे आणि तिकडं कोपऱ्यात कापत बसायचे. गेले त्याच्या आधल्या अमावस्येला पण बोलावलं. मी नाय खेळले."

शेठ काहीतरी बोलायला पुढे झाले तर तिने हाताने त्यांना थांबवलं.

"सांगा परत," ती पुंजाला म्हणाली.

"वहिनी..."

"हे हसले ना? मंग परत सांगा. हे हसायचे थांबेपर्यंत सांगा."

पुंजाने परत सांगितलं. लक्ष्मीपूजन, कॅट, ओला अंगठा, मागितलेल्या मागण्यासकट सांगितलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. चतुराबाईने मान हलवली. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, ह्या वेळी खूण म्हणून पहिला कोण ओरडला तेही सांगितलं, गावभर कोणी पसरवलं तेही सांगितलं. एस.टी.तलं सांगितलं. बोलता बोलता त्याचं नाक गळायला लागलं, ते त्याने बाहीने पुसलं. लहानू खाली बघत होता. शेठने पाटीचा कागद घडी करून खिशात घातला. मास्तरचं लिहिणं थांबलं होतं. भजी घेऊन आलेला माणूस दारातच परात धरून उभा राहिला.

तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

"अजून एकदा," चतुराबाई म्हणाली.